बापाच्या नावाचा रकाना

आई बाळंतपणात गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाळही राहिलं नाही. वडिलांना मी दादा म्हणायचे. दादा बांधकाम खात्यात मैलकुली होते. अंबडच्या पुढे, अंतरवाली सराटीच्या बाजूला, रस्त्याचे काही मैल त्यांच्याकडे होते. खड्डे बुजवायचे, कडेच्या नाल्या उकरायच्या, पावसानं वाहून गेलेला मुरूम परत आणून पसरायचा, हे त्यांचं काम. राहायला रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक खोली होती, आजूबाजूला घर नाही. पाच वर्षांच्या पोरीला तिथं एकटी ठेवून ते कामावर जाणार कसे? आईच्या मातीला आलेला मामा परत जाताना मला टेंभुर्णीला घेऊन गेला. चार दिवस राहील म्हणून नेलं आणि मी अकरा वर्षं राहिले.

मामा बाजारात मापाडी होता. आडतीच्या दुकानापुढे दिवसभर ज्वारी-बाजरी मोजायचा. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही, पण मामी मला न्हाऊ घालताना इतका वेळ घ्यायची की शेजारच्या बाया हसायच्या.

जूनमध्ये मामानं मला शाळेत नेलं. ते मला थोडंथोडं आठवतं. मास्तर खुर्चीवर बसले होते, पुढ्यात भलंमोठं रजिस्टर होतं. मामानं माझा उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावून दाखवला. हात कानाला टेकला म्हणजे मूल शाळेच्या वयाचं झालं, असा तेव्हाचा हिशेब. मास्तरांनी जन्मतारीख एक जून लिहिली. वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहायचं, हे मामानं मास्तरांना दोनदा सांगितलं. मास्तरांनी आणखी काहीबाही विचारलं, मामा उत्तरं देत गेला आणि शेवटी त्यानं सही केली. त्याला सही करता यायची, याचा त्याला मोठा अभिमान होता.

तिसरीत मला नीट वाचता यायला लागलं. वार्षिक परीक्षेचं प्रगतिपत्रक हातात आलं, तेव्हा मी माझं पूर्ण नाव पहिल्यांदा सावकाश वाचलं. माझ्या नावापुढे दादांचं नाव नव्हतं. मामाचं होतं. आडनावही मामाचंच होतं.

मी ते कुणाला बोलले नाही. हजेरीला तेच नाव पुकारलं जायचं आणि मी 'हजर' म्हणायचे. दादा वर्षातून दोन-तीनदा यायचे, माझ्यासाठी एखादं परकर-पोलकं आणायचे, अंगणात बसून चहा घ्यायचे आणि विचारायचे, "शाळा चालू हाय ना बराबर?" मी हो म्हणायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. प्रगतिपत्रक मी त्यांच्या हातात दिलं तर ते उलटंसुलटं करून बघायचे आणि जपून परत द्यायचे.

हायस्कूलला गेले तेव्हा प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरचंच नाव तिकडच्या रजिस्टरला चढलं. दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली. दहावीची नवी पद्धत सुरू होऊन वर्षच झालं होतं, म्हणून सर फार काळजी घेत होते. त्यांनी वर्गात एकेकाचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सांगितलं, "आता बोर्डाच्या प्रमाणपत्रावर हेच नाव छापून येणार. काही चूक असेल तर आत्ता सांगा. एकदा शाळा सोडली की रजिस्टरमधला काना-मात्राही बदलत नाही."

एका मुलानं आडनावातला र्‍हस्व-दीर्घ दुरुस्त करून घेतला. माझं नाव आलं. मला उठायचं होतं. पण उठून काय सांगायचं? हे माझ्या बापाचं नाव नाही, असं पन्नास पोरांपुढे म्हणायचं? आणि संध्याकाळी घरी जाऊन मामाला काय सांगायचं? मामीनं त्या दिवशी सकाळी माझ्या डब्यात तिच्या वाटणीचीही भाकरी बांधून दिली होती. मी खाली बघून बसले. सर पुढच्या नावावर गेले. त्या एका मिनिटाचं देणं मी पुढे फार दिवस फेडत होते.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झाले. आमच्या वस्तीतून दहावी पास होणारी मी पहिली मुलगी. मुख्याध्यापकांनी स्वतः बोलावून सांगितलं की डी.एड.ला अर्ज कर, मुलींच्या जागा आहेत, दोन वर्षांत मास्तरीण होशील. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक आणि जातीचं प्रमाणपत्र पाहिजे होतं. ग्रंथालयाचं एक पुस्तक माझ्याकडे राहिलं होतं, ते जमा केलं. कारकुनांनी दाखला लिहून, शिक्का मारून हातात दिला. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात त्यांनी 'उत्तीर्ण' असं लिहिलं होतं. अक्षर फार सुरेख होतं.

निकालाचं पत्र गेल्यावर दादा दोन दिवसांची सुट्टी टाकून आले. त्यांनी डोक्याला नवा रुमाल बांधला होता. अंगणात बाजेवर बसले. मामा अजून बाजारातून यायचा होता, मामी चुलीपाशी होती. दादा म्हणाले, "आण बरं तुझा कागद. वाचून दाखव. सगळा वाच."

मी म्हणाले, "त्यात काय वाचायचं, दादा. पास आहे."

"पास तर हायेसच. मला ऐकायचंय."

मी वाचायला लागले. शाळेचं नाव वाचलं, रजिस्टर नंबर वाचला. मग विद्यार्थ्याचं पूर्ण नाव. मला वाटलं, दादांचं नाव घालून वाचून टाकावं. त्यांना कुठं कळणार होतं? तोंड उघडलंही होतं. पण माझ्याच्यानं झालं नाही. जे लिहिलं होतं ते वाचलं.

दादांनी वाकून कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, "परत वाच."

मी परत वाचलं.

"हे कवापासून हाय?"

"पहिलीपासून."

"तुला म्हाईत होतं?"

"हो."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि त्याची घडी घालत बसले. चुलीपाशी मामीचा फुंकणीचा आवाज थांबला होता.

मामा आला. दादांना बघून त्याला आनंद झाला. "दाजी, कवा आल्ते? पोरगी पास झाली बघा," असं म्हणत तो हात-पाय धुवायला निघाला. दादा म्हणाले, "पावनं, कागदावर नाव तुमचं हाय."

मामा तांब्या हातात घेऊन उभा राहिला. मला वाटत होतं की चूक मास्तरांची असेल. त्यांनी पालकाचं नाव विचारलं असेल, मामानं आपलं सांगितलं असेल आणि मास्तरांनी ते बापाच्या रकान्यात लिहिलं असेल. इतकी वर्षं मी मनात हेच धरून चालले होते. मामानंही तसंच सांगितलं असतं तर सगळ्यांनी मान्य केलं असतं. पण मामा खोटं बोलला नाही.

"मास्तरनं इचारलं व्हतं," तो म्हणाला. "बापाचं नाव काय म्हनून. म्या म्हन्लं, मीच. तोंडातून गेलं, दाजी. मंग ते लिव्हलं त्यानं. परत जाऊन सांगू सांगू म्हन्लं, न्हाई गेलो."

मामीनं ताटं वाढली. कुणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मला घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस चांगला होता, पण थकलेला. ते म्हणाले, "हे बघा, मुलीनं शाळा सोडली. आता रजिस्टरला हात लावायचा तर शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मी प्रस्ताव पाठवतो, पण दोन-तीन महिने कुठं गेले नाहीत. डी.एड.चे अर्ज महिनाभरात बंद होतील. तुमचे मेहुणे बाप म्हणून सह्या करायला तयार असतील, तर असंच जाऊ द्या. जात तीच, धर्म तोच. मुलीचं वर्ष वाचेल."

बाजूला बसलेले कारकून म्हणाले, "आणि मुलीचं नाव ते. दोन-चार वर्षांत लग्न होईल, बापाचंही जाईल आणि मामाचंही जाईल. कशाला एवढी पायपीट करता?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला तर ते पटलंच होतं. मी दादांकडे बघितलं. त्यांनी विचारलं, "प्रस्तावाला काय काय लागतं ते सांगा साहेब."

काय काय लागतं ते कारकुनांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं. जन्माच्या नोंदीचा उतारा. प्राथमिक शाळेच्या रजिस्टरचा उतारा. वडिलांचं प्रतिज्ञापत्र. आणि रजिस्टरमध्ये ज्यानं बाप म्हणून सही केली आहे, त्याचंही प्रतिज्ञापत्र, की ही मुलगी माझी नाही.

ते शेवटचं मी दादांना घरी जाऊन वाचून दाखवलं, तेव्हा मामी तिथंच होती. ती पहिल्यांदा बोलली. "कागद तुमचे. कुनाचं बी नाव लिव्हा. पोरगी कुनाची हाय ते मला इचारायचं." आणि ती पाण्याला निघून गेली. त्यानंतर आठ-दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी काही केलं नव्हतं, आणि खरं तर मीच केलं होतं.

जन्माच्या नोंदीसाठी अंबडला जावं लागलं. तहसील कचेरीतल्या नोंदवह्यांच्या गठ्ठ्यात माझ्या जन्मवर्षाची वही सापडेना. कारकून म्हणाला, वाळवीनं खाल्ली असेल, चार दिवसांनी या. चार दिवसांनी ती सापडली. त्यात मुलीचं नाव नव्हतं, नुसतं 'स्त्री' लिहिलं होतं, पण बापाच्या रकान्यात दादांचं नाव होतं. त्याचा उतारा मिळाला. दादांनी तो पिशवीतल्या धोतराच्या घडीत ठेवला.

मामा मात्र प्रतिज्ञापत्रासाठी जाफराबादच्या तहसिलीत यायला तयार होईना. त्यानं नाही म्हटलं नाही. आज बाजार आहे म्हणायचा, उद्या माल येणार आहे म्हणायचा. दादा परत रस्त्यावर गेले, पुन्हा सुट्टी मागून आले. तरी मामाचं तेच. डी.एड.च्या अर्जाची तारीख जवळ येत होती. एका दुपारी मी बाजारात गेले. मामा एका पोत्यावर बसून बिडी ओढत होता. मी म्हणाले, "मामा, नको जायला. तुमचंच नाव राहू द्या. मी दादांना सांगते."

त्यानं माझ्याकडे बघितलं न बघितलं. "तू मधी बोलू नको," म्हणाला. "उंद्या जातो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं जाफराबादला गेलो. तहसिलीबाहेर एका झाडाखाली टाइपरायटर घेऊन अर्ज लिहिणारे बसायचे. त्यातल्या एकानं दादांचं प्रतिज्ञापत्र आधी केलं. दादांनी अंगठा दिला. मग मामाचं. तो माणूस टाइप करता करता तोंडानं म्हणत होता, "मी शपथेवर लिहून देतो की, सदर मुलगी ही माझी मुलगी नसून माझ्या मयत बहिणीची मुलगी आहे. शाळेत नाव दाखल करतेवेळी माझे नाव वडील म्हणून नजरचुकीने लागले."

मामा म्हणाला, "नजरचूक न्हाई झाली."

तो माणूस थांबला. "मग काय लिहू?"

दादा म्हणाले, "नजरचूकच लिव्हा."

टाइपरायटर परत सुरू झाला. कागद संपत आला तेव्हा मामा म्हणाला, "म्या तिला वाढवली. ते बी लिव्हा की."

"त्याची काही गरज नाही इथं. साहेबांना त्याच्याशी काय करायचं?"

"लिव्हा," दादा म्हणाले. "अकरा वर्सं यांनीच सांभाळली. ते बी लिव्हा त्यात. बराबर लिव्हा."

त्या माणसानं वैतागून कागद थोडा वर सरकवला आणि एक ओळ वाढवली. "सदर मुलीचे पालनपोषण व शिक्षण आजपावेतो मीच केले आहे." त्यानं ती वाचून दाखवली. मामानं मान हलवली. मग तहसिलीत आत साहेबांसमोर उभं राहून शपथ घेतली आणि सही केली. सही करताना त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. सगळं झाल्यावर दादांनी तिघांसाठी चहा सांगितला.

प्रस्ताव औरंगाबादला शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला. त्यामागे आम्ही तीनदा गेलो. आणीबाणीचे दिवस होते. बाबू लोक वेळेवर टेबलाशी बसलेले असायचे, कागद मात्र आपल्याच चालीनं चालायचे. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेला एका बाबूनं सांगितलं की शाळा सोडल्यावर दुरुस्ती होत नाही. मी चिठ्ठी दाखवली, मुख्याध्यापकांचं पत्र दाखवलं. तो म्हणाला, "बरं, मग बोर्डाचं ना-हरकत लागेल, कारण परीक्षा याच नावानं दिली आहे." बोर्डाचं ऑफिस कुठं आहे ते विचारत आम्ही उन्हात चालत गेलो. तिथल्या माणसानं सांगितलं, आधी शाळेचं रजिस्टर दुरुस्त झाल्याशिवाय आम्ही काही देऊ शकत नाही. म्हणजे यांचं झाल्याशिवाय ते करणार नाहीत आणि त्यांचं झाल्याशिवाय हे करणार नाहीत.

त्या दिवशी बसस्थानकावर माझा धीर सुटला. अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती. पाय सुजले होते. मी म्हणाले, "राहू द्या दादा. मी मामाच्या नावानंच अर्ज भरते. काय फरक पडतो? मी तुमचीच आहे ना."

दादा बाकावर बसले होते. पायताण काढून त्यांनी पाय वर घेतले होते. माझं ऐकून ते बराच वेळ समोरच्या गाड्या बघत राहिले. मग म्हणाले, "तुझं साल जाईल. माझ्यापाई जाईल. कळून राह्यलंय मला." एवढंच. आता थांबू म्हणाले नाहीत, आणि पुढे चल असंही म्हणाले नाहीत. मी अर्ज भरला असता तर त्यांनी मला अडवलं नसतं. मी भरला नाही. का नाही भरला हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. वर्गात मी एकदा गप्प बसले होते, आता दुसऱ्यांदा तसं करायची ताकद नव्हती, असं काहीतरी असेल.

मुदत संपली. तिसऱ्या खेपेला एक वयस्क बाई टेबलावर होत्या. त्यांनी सगळे कागद एकावर एक लावून शांतपणे वाचले. मामाच्या प्रतिज्ञापत्रापाशी आल्यावर त्यांनी ती शेवटची ओळ वाचली आणि चष्म्यावरून दादांकडे बघितलं. "हे तुमचे मेहुणे का?" त्यांनी विचारलं. दादा हो म्हणाले. "आले नाहीत?" दादा म्हणाले, "त्यांचा बाजार हाय आज." बाईंनी कागदावर शेरा मारला आणि आत पाठवला. बोर्डाचं नंतर बघू म्हणाल्या. आदेश पोस्टानं शाळेत येईल, पुन्हा येऊ नका म्हणाल्या. ते ऐकून मला रडू आलं, पण ते आनंदाचं नव्हतं. पुन्हा यावं लागणार नाही एवढंच मला कळलं होतं.

मामाच्या घरात मला आता राहवेना. तिथं मला कुणी काही म्हणत नव्हतं, म्हणूनच राहवेना. दादांबरोबर मी त्यांच्या खोलीवर गेले. पाचव्या वर्षी जिथून निघाले होते तिथं सोळाव्या वर्षी परत आले. एक वर्ष काढायचं होतं.

दादांना मी ओळखत नव्हते, हे मला तिथं कळलं. ते चहात गूळ घालायचे, सकाळी कामावर जाण्याआधी आईच्या फोटोपुढे दोन मिनिटं उभे राहायचे, जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. मी केलेल्या भाकरीला चांगली-वाईट कधी म्हणाले नाहीत. दुपारी मी त्यांचं जेवण घेऊन रस्त्यावर जायचे. ते फावडं ठेवून बाभळीच्या सावलीला बसायचे. आम्हाला एकमेकांशी काय बोलावं ते सुचायचं नाही. मामाशी मी किती बोलायचे, ते आठवून मला अपराधी वाटायचं, मग दादांकडे बघून पुन्हा अपराधी वाटायचं.

एकदा तिथंच बसल्या बसल्या मी विचारलं, "दादा, एवढं कशाला केलं? नुसत्या नावासाठी."

त्यांनी भाकरीचा घास संपवला. "आमच्या कामावर मस्टर असतंय," ते म्हणाले. "दिसभर राबलं आन मस्टरला नाव न्हाई लागलं, तर तो मानूस आलाच न्हाई म्हनत्यात. मी तुझी शाळा बघितली न्हाई. मास्तर बघितला न्हाई. तू पास झाली ते बी पत्रानं कळलं. म्हन्लं, एका जागी तरी नाव असावं."

मी भांडी गोळा केली.

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांचं पत्र आलं. मी टेंभुर्णीला जाऊन दाखला घेतला. जुन्या नावावर तांबड्या शाईची रेघ होती, वर दादांचं नाव आणि समासात 'शिक्षणाधिकारी यांच्या आदेशानुसार दुरुस्त' अशी ओळ आणि सही. तेच कारकून म्हणाले, "झालं एकदाचं." मामाच्या घरी गेले तेव्हा मामा बाजारात होता. मामीनं मला बसवलं, डोक्याला तेल लावलं, वेणी घातली. दाखल्याबद्दल तिनं विचारलं नाही आणि मी पिशवीतून काढला नाही.

त्या हिवाळ्यात मामा एकदा अंतरवालीकडे आला. माझी ट्रंक घेऊन आला होता. मी अभ्यासाच्या वह्या तिच्यात ठेवल्या होत्या, लागतील म्हणाला. दादा कामावर होते. मामानं आपणहून विचारलं, "कागद आला म्हनं." मी दाखला दिला. त्यानं बोट लावून एकेक अक्षर वाचलं. तांबड्या रेघेखालचं त्याचं नाव दिसत होतं. "बराबर हाय," तो म्हणाला आणि कागद परत दिला. मग म्हणाला, "जेवायला हाय का काही?"

दादा दुपारी आले. दोघं बाजूबाजूला बसून जेवले. दादा कधी जेवताना बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मामाला विचारलं, यंदा ज्वारी कशी आहे. मामानं सांगितलं. मग बराच वेळ ते ज्वारीबद्दल बोलत राहिले, कोणत्या गावची चांगली आली, कोणत्या गावची किडली. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. मला तेवढंच पुरेसं वाटलं. तेव्हा मला फार काही नको होतं, नुसतं शांत बसायचं होतं.

पुढच्या जूनमध्ये डी.एड.ला प्रवेश मिळाला. तिथल्या कारकुनानं दाखला उलटून मागचा शिक्का पाहिला, गुण पाहिले आणि फाइलला लावला. पुढे मास्तरणीची नोकरी लागली, तीही जाफराबाद तालुक्यातच. बोर्डाचं दुरुस्त प्रमाणपत्र यायला आणखी दोन वर्षं लागली. तोपर्यंत सगळीकडे मामाच्या त्या प्रतिज्ञापत्राची नक्कल जोडावी लागायची, त्यामुळे ती मला तोंडपाठ झाली होती. शेवटची ओळसुद्धा.

दरवर्षी जूनमध्ये आयाबाया पोरांना घेऊन माझ्या टेबलापुढे उभ्या राहायच्या. मी बापाचं नाव विचारायचे, लिहायचे आणि रजिस्टर त्यांच्याकडे फिरवून वाचून दाखवायचे. पुष्कळ जणींना त्याचा कंटाळा यायचा. मागं रांग असायची, शेतावर काम असायचं. बरोबर आहे बाई, लिहा, असं म्हणून त्या पोराला मागे ठेवून निघायच्या. मी त्यांना थांबवून परत एकदा वाचायचे.

मामा गेल्यावर मामी एकटी पडली. मी तिला माझ्याकडे आणलं. ती शेवटची सहा वर्षं माझ्या घरी होती. दादा नोकरीतून सुटल्यावर अधूनमधून यायचे, तेव्हा ती त्यांना ताट वाढायची आणि दोघांत फारसं बोलणं व्हायचं नाही. पण दादांच्या चहात गूळ घालायचा, हे तिला सांगावं लागलं नाही.